वजाबाकीत गेलेली दुपार

कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून नुसतं पडून राहायचं, हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. पुढचं सगळं त्यामानाने सोपं. लोकांना बरोबर उलटं वाटतं, आणि वाटू दे बापड्यांना. त्यांच्या वाटण्यावरच आमचं पोट चालतं.

मी शार्दूल घोसाळकर. मूळचा मिरजेचा, वय अडतीस. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, नदीच्या दक्षिण काठावर, जुन्या मद्यकोठारांच्या रांगेत आमचा स्टुडिओ आहे. पुरुषांनी पुरुषांसोबत केलेल्या, प्रौढांनीच बघायच्या फिल्म्स तिथे बनतात. मी त्यांत नऊ वर्षं काम करतोय. पडद्यावर माझं नाव राज. ते मी निवडलेलं नाही. पहिल्या दिवशी फॉर्मवर आधीच छापलेलं होतं आणि सोबत एक फेटा ठेवलेला होता. फेटा तिसऱ्या महिन्यात हरवला, म्हणजे मी तो नदीत सोडला. घरी मिरजेला मी ‘कापडाच्या लाइनमध्ये’ आहे असं माहीत आहे, आणि गंमत अशी की गेली सहा वर्षं ते खरंही आहे.

ते कापड विणलं वृंदा मगदूमने. इचलकरंजीची बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. वडिलांच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढली, टेक्स्टाइल इंजिनिअर झाली, आणि हृदयाच्या रुग्णांसाठी तिने असं एक कापड शोधून काढलं की जे घातलं की शरीराच्या आतली खबर बाहेर कळावी. दवाखान्यांना ते महाग पडलं. आमच्या कंपनीला नाही पडलं. पहिल्या दिवशी तिच्या यंत्रातून ठिणगी उडाली तेव्हा तिने जी शिवी हासडली ती ऐकून मी झग्याची गाठ बांधत म्हणालो, “जरा हळू. इथे एक जण समजणारा आहे.” ती वळली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “आयला! मिरज का सांगली?” तेव्हापासून ती माझी वृंदाताई.

त्या कपड्याचं कंपनीने ठेवलेलं नाव उच्चारायला जीभ दोनदा वळवावी लागते. आम्ही दोघं त्याला बंडी म्हणतो. कांद्याच्या पातीसारखी पातळ, अंगावर आहे हे दोन मिनिटांत विसरायला होतं, आणि चित्रातून ती संगणक पुसून टाकतो. तिच्यात केसाहून बारीक धातूचे धागे आहेत. घामाची ओल, स्नायूंची ओढ, श्वास, नाडी हे ते टिपतात. शिवाय मेंदूपासून मानेतून छाती-पोटाकडे उतरणारी एक लांबलचक नस असते, तिचं बोलणं ऐकतात. पोटात खड्डा पडला, छाती हलकी झाली, जिवात जीव आला, हे सगळं मेंदूला कळतं ते बरंचसं या नसेतून. सोबत तशीच विणलेली टोपी असते. मेंदूत स्पर्शाची जी जागा आहे तिथे काय उमटतंय ते ती वाचते, मग तो स्पर्श आत्ताचा असो की नुसता आठवलेला.

आता हीच बंडी-टोपी दुसऱ्या कुणी घातली आणि धागे उलटे चालवले, तर हलक्या विजेच्या ठोक्यांनी तेच सगळं त्याच्या शरीरात उमटवता येतं. विचार जात नाहीत, चेहरे जात नाहीत, नावं जात नाहीत. जातं ते फक्त शरीराचं म्हणणं. आमचा प्रेक्षक आता मला बघत नाही, माझ्यात येऊन बसतो.

बंडी आली आणि आमच्यातलं खोटं संपलं. तोपर्यंत निम्मे सहकारी असे होते की घरी बायको, इथे पुरुषांसोबत काम, आणि मध्ये एक छानसा अभिनय. बंडीला अभिनय कळत नाही. ते एकेक करून निघून गेले. आमचा तोमाश मात्र वेगळाच अडकला. आठ वर्षं तो ‘हे नुसतं काम’ म्हणत होता, आणि पहिल्याच दिवशी बंडीने दाखवलं की कामात त्याचं शरीर जितकं सुखी होतं तितकं ते कुठेच नव्हतं. मेकअपच्या खुर्चीत बसून तो तासभर रडला. मला त्याची कीव आली आणि जरा हेवाही वाटला. मला मी कोण हे सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. त्याला निदान कुणीतरी पुराव्यानिशी सांगितलं.

तर ती दोन मिनिटं. प्रत्येक शरीराची आपली एक कुरकुर असते. माझा डावा गुडघा, कुणाची ॲसिडिटी, कुणाची आखडलेली मान. ती प्रेक्षकापर्यंत जाऊ नये म्हणून प्रत्येक शॉटच्या आधी शरीर पूर्ण शांत असताना त्याची एक नोंद घ्यायची आणि नंतर ती सगळ्या नोंदीतून वजा करायची. त्याला आम्ही ‘शून्य घेणं’ म्हणतो. शरीर सांगून शांत होत नाही, म्हणून ज्याने त्याने आपली एक आठवण धरून ठेवलेली असते. ती आठवली की पडद्यावरची हिरवी रेघ खाली खाली येते आणि तळाला टेकते. वृंदाताई म्हणते, “हं, टेकलं.” मग उठायचं.

आमच्यात एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण कडक आहे. कुणी कुणाला त्याचं शून्य विचारायचं नाही. आम्ही एकमेकांचं सगळं बघितलेलं असतं, तीळ कुठे आहेत हेसुद्धा पाठ असतं. पण शून्य विचारणं म्हणजे निर्लज्जपणा.

माझं शून्य ही एक दुपार आहे.

नऊ वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. मी नि नीलकंठ नुकते एका खोलीत राहायला लागलो होतो. नीलकंठ केरकर, माझा नीळू, गोव्यातल्या डिचोलीचा. आजोबांच्या जुन्या पोर्तुगीज कागदांवर त्याला इथलं नागरिकत्व मिळालं होतं आणि तो एका वृद्धाश्रमात काम करत होता, अजूनही करतो. त्या दिवशी त्याच्या आईने पाठवलेल्या पार्सलातून आमसुलं निघाली होती, जुन्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तो भिंतीला टेकून गादीवर बसला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या चुरगळलेल्या कागदावरच्या वधू-वर जाहिराती मोठ्याने वाचायला लागला. खिडकीतून नदीवरचं धुकं आत येत होतं, त्यात ऊन मिसळलं होतं, आणि खोलीला भिंती आहेत की नाहीत हे नक्की सांगता आलं नसतं.

“निर्व्यसनी, सुस्वभावी, स्वतःचा फ्लॅट,” तो वाचत होता. त्याचा उजवा अंगठा नीट वाकत नाही, पूर्वी कधीतरी विळीवर मासे चिरताना शीर तुटली होती. तो ताठ अंगठा माझ्या कानाभोवती फिरत होता. अर्धा फेरा, मग जरा अडखळायचा, मग उरलेला अर्धा.

मी त्याला तेव्हा सांगितलं. की मी कपड्यांच्या दुकानात कामाला नाही. की मी असं असं काम करतो, तीन महिने झाले. सांगताना मी छताकडे बघत होतो आणि माझं पोट दगडासारखं झालं होतं. वाटत होतं, आता हे डोकं बाजूला सरकवलं जाईल.

नीळूने ऐकलं. वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी काहीतरी करपत होतं, त्याचा वास येत होता. मग त्याने कागद उलटा केला आणि पुढची जाहिरात वाचली: “घटस्फोटितास प्राधान्य.” अंगठा पुन्हा फिरायला लागला. माझ्या पोटातला दगड विरघळला, हातापायांत ऊब उतरली, आणि मी झोपलो की जागा होतो ते मला आजही माहीत नाही. बास. एवढंच. त्याहून जास्त शांत मी आयुष्यात कधी झालो नाही.

सहा वर्षं, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, मी कामाच्या गादीवर डोळे मिटून तिथे जात राहिलो. वृंदाताई म्हणायची, “हं, टेकलं.” आणि ती दुपार दर वेळी वजाबाकीत टाकून दिली जायची.

चूक झाली ती गेल्या हिवाळ्यात. वृंदाताईला सणसणून ताप आला होता, तशीच ती कामाला बसली आणि माझ्या एका फिल्ममधून शून्य वजा करून कापायचं राहून गेलं. फिल्म तशीच बाहेर पडली. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती माझ्या खोलीत धापा टाकत आली.

“शार्दूल्या, विसरलो बघ मी! तुझं शून्य आत ऱ्हायलं. सुरुवातीलाच, अख्खी दोन मिनिटं. आता लोक बोंब मारणार.” तिच्याकडच्या बायका अशाच बोलतात, आलो-गेलो.

लोकांनी बोंब मारली नाही. पत्रं आली. पहिल्यांदा दहा-वीस, मग शेकड्यांनी. फिल्मबद्दल त्यांत अवाक्षर नव्हतं. सगळ्यांना ती सुरुवातीची दोन मिनिटं पुन्हा हवी होती. एकाने लिहिलं होतं, मी जिथे राहतो तिथे मी कोण हे कुणाला कळलं तर जिवंत राहणार नाही. काल दोन मिनिटं माझं शरीर घाबरलेलं नव्हतं, आणि घाबरलेलं नसणं कसं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याने फक्त विचारलं होतं, हा हात कुणाचा?

मी ती पत्रं कोठाराच्या पायऱ्यांवर बसून वाचली. समोर नदी, डोक्यावर ओरडणारे समुद्रपक्षी. नऊ वर्षांत मला हजारो पत्रं आली असतील, पण ती सगळी राजला होती. शार्दूलला आलेली ही पहिली. मला रडू आलं, आणि खरं सांगतो, छाती फुगलीही.

कंपनीने लगेच प्रस्ताव मांडला. कायद्याने शून्य हे ज्याचं त्याचं असतं, विकायचं तर आमची सही लागते. माझी जुनी शून्यं त्यांना बाजारात काढायची होती आणि वर चाळीस नवी हवी होती. म्हणजे कॅमेरा नाही, प्रकाशझोत नाही, पोट आत ओढून धरणं नाही. नुसतं झोपायचं आणि आठवायचं. आमच्या धंद्यात अडतीस म्हणजे आजोबाच. मी जुन्यांवर तिथल्या तिथे सही केली.

नीळूला विचारलं नाही. का नाही, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. माझं काम त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. “तू कामाला जातोस, मी कामाला जातो. दमून येतोस त्यावरून कळतं,” एवढंच तो म्हणायचा. ज्याला त्या सगळ्याचं काही वाटलं नाही त्याला डोकं मांडीवर ठेवण्याचं काय वाटणार, असा मी हिशेब केला. इतका मूर्ख हिशेब आमच्याच धंद्यातला माणूस करू जाणे.

नवी शून्यं घ्यायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच दिवशी रेघ मध्येच थांबली. खाली येईना. मी नेहमीसारखा त्या खोलीत गेलो, धुकं होतं, ऊन होतं, मांडी होती. पण खोलीत कामाच्या दिव्यांची ऊब होती. गादीला स्टुडिओतल्या साबणाचा वास होता. आणि अंगठा फिरत होता तो वृंदाताई कधी “टेकलं” म्हणते याची वाट बघत.

“काय झालंय मला?” मी विचारलं.

वृंदाताईने टोपी काढून ठेवली आणि माझ्याशेजारी गादीच्या कडेला बसली. “आठवण म्हंजे ठेवलेला फोटो न्हवं, लगा. प्रत्येक वेळी बाहेर काढली की ती मऊ पडते, आणि परत आत ठेवताना मेंदू ती नव्यानं विणतो. त्या टायमाला आजूबाजूला जे असंल त्याचा एखादा धागा आत जातोय. एकदा-दोनदा गेला तर कळत न्हाई. तू सहा वर्षं काढल्यास. मूळचा धागा आता किती ऱ्हायलाय कुणाला ठावं.”

“मग माझं जुनं शून्य मलाच लाव.”

तिने लावलं. काही झालं नाही. डोक्यावर टोपी आहे एवढंच कळलं. “सोताला गुदगुल्या करून बघ कधीतरी,” ती म्हणाली. “शरीर आपलीच खबर ऐकून घेत न्हाई. दुसऱ्याचीच लागते.”

म्हणजे ती दुपार आता जगात सगळ्यांकडे होती, माझ्याकडे सोडून.

त्या आठवड्यात मी घरी मुद्दाम नीळूच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याने सवयीने हात ठेवला. माझा श्वास आपोआप मोजून यायला लागला, जबडा सैल झाला, पाय कामाच्या पद्धतीने पसरले. शरीर हजेरीला उभं राहिलं होतं. मी भीतीने गार पडलो आणि चहा ठेवतो म्हणून उठलो. माझ्या घरातली एकच जागा अशी होती जिथे काम पोचलं नव्हतं, आणि तिथे मीच ते हाताने नेऊन सोडलं होतं. नीळूला मी काही बोललो नाही.

त्याला कळलं ते वृद्धाश्रमात. तिथे अमादेऊ नावाचे एक आजोबा आहेत, एक्क्याऐंशी वर्षांचे, पूर्वी फरश्या रंगवायचे. जन्मभर एकटे राहिले आणि का राहिले ते कुणाला सांगितलं नाही. आता नीळूला सांगतात. त्यांच्या पुतणीने त्यांना बंडी आणून दिली होती, पाठदुखीला बरी म्हणून. आजोबा त्यात दुसरंच काहीतरी लावून बसले होते. नीळू जेवण घेऊन गेला तेव्हा ते खिडकीपाशी डोळे मिटून बसलेले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

“दुखतंय का?” त्याने विचारलं.

“छे. माझ्या डोक्यावर हात आहे कुणाचा तरी,” आजोबा म्हणाले. “कानाभोवती अंगठा फिरवतोय. जरा वेंधळा आहे. अर्ध्यावर अडखळतो, मग पुढे जातो. बघ, आत्ता, अडखळला.”

नीळू ताट हातात धरून उभा राहिला. मग त्याने ते टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

हे सगळं त्याने मला संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं, अगदी शांतपणे, कोथिंबीर निवडता निवडता. मी ओट्याला टेकून उभा होतो.

“किती जणांकडे आहे हे?” त्याने विचारलं.

“अठरा हजार. असतील थोडे जास्त.”

“अठरा हजार लोकांच्या डोक्यावर माझा हात आहे, आणि मला विचारलं कोणी मरे?” राग आला की डिचोलीचं ‘मरे’ त्याच्या तोंडी येतं.

“नीळू, मला वाटलं तुला...”

“काय वाटलं? मला त्याचं कधी काही वाटलं नाही म्हणून ह्याचंही वाटणार नाही?” त्याने काड्या बाजूला सारल्या. “अरे, ते तुझं काम होतं. मी त्याच्यात कधी नाक खुपसलं? पण ही दुपार तुझी एकट्याची नव्हती. मी होतो तिथे. अख्खा होतो.”

मला तोंड वर करवेना. त्याने हात पुसले, माझ्याजवळ आला, आणि जे मी टाळत होतो तेच केलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी शांत होण्याचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नानेच माझा घात केला. श्वास मोजून यायला लागला. नीळू रोज म्हाताऱ्या शरीरांना उठवतो-बसवतो. शरीर खोटं वागलं की त्याला बंडीशिवाय कळतं. त्याने हात काढून घेतला.

“कधीपासून?” तो म्हणाला.

“महिना झाला. गेली रे ती. वापरून वापरून संपवली मी.” आणि मी लहान मुलासारखा हमसून हमसून रडलो. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. त्याने कोथिंबीर धुवायला घेतली.

चार दिवस आम्ही एकमेकांशी नीट वागत होतो, म्हणजे फारच वाईट चाललं होतं. मी चाळीस नव्या शून्यांना नकार कळवला. जुनी परत घ्यावीत का, हे मला ठरवता येईना. ते पत्र लिहिणारा माणूस डोळ्यांपुढे यायचा, आणि अमादेऊ आजोबा. नीळूला विचारलं तर म्हणाला, “त्यांच्याकडून काढून घेऊ नको. ते कुठे जातील? पण पुढल्या वेळी माझ्या अंगातलं काही द्यायचं असेल तर मला आधी सांग.” मग म्हणाला, “तुझ्या वृंदाताईचा नंबर दे.”

शनिवारी सकाळी स्टुडिओ रिकामा होता. कोठारांच्या लाकडात मुरलेल्या जुन्या मद्याचा गोड वास, उंच खिडक्यांतून उतरणारं पांढरं धुकं. वृंदाताईने त्याच्या मापाची बंडी विणून ठेवली होती. “पोटाला जादा कापड लागलं हो, नीलकंठराव,” ती म्हणाली. नीळू हसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

“तू काय करतोयस?” मी विचारलं.

“तुझीच दुपार, पण माझ्या बाजूची,” तो गादीवर आडवा होत म्हणाला. “ती मी कधी वापरली नाही. ठेवून दिली होती.”

वृंदाताईने धागे जोडले. नियमाप्रमाणे मी दूर जाऊन उभा राहिलो. शून्य घेताना कुणी जवळ जायचं नसतं. नीळूने डोळे मिटले. पडद्यावर हिरवी रेघ थरथरली, उतरायला लागली, मग तीनदा अचानक वर उसळली आणि तीनदा पुन्हा खाली आली. अशी रेघ मी कधी बघितली नव्हती. शेवटी ती तळाला टेकली. वृंदाताई “टेकलं” म्हणायचं विसरली.

मग मी बंडी-टोपी चढवली आणि त्याच्या शेजारच्या गादीवर पडलो.

पहिल्यांदा आलं ते वजन. डाव्या मांडीवर काहीतरी जड आणि ऊबदार होतं, श्वासाबरोबर हलकं वर-खाली होत होतं. मला कळायला जरा वेळ लागला. ते माझंच डोकं होतं. इतकं जड असतं ते, हे मला माहीत नव्हतं. मग पोटात काहीतरी घट्ट आवळलं गेलं. हे मी सांगितलं तेव्हाचं असणार. तेवढ्यात आवळलेलं सैल झालं आणि त्या डोक्याबद्दल खूप माया छातीतून उतरली. ती माझ्यावरची होती. ती अंगात घेऊन पडणं मला झेपेना.

पण सगळं सुख नव्हतं. मांडीखाली पाय पूर्ण बधिर झाला होता, मुंग्यांनी नुसता पेटला होता. कंबरेला भिंत टोचत होती. आणि ओटीपोटात अशी जोराची कळ होती की कुणीही शहाणा माणूस केव्हाच धावत सुटला असता. एकदा अंग उठायला झालं, सगळे स्नायू ताणले गेले, आणि जागच्या जागी दाबून धरले गेले. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तर पाठ भिंतीपासून सुटलीसुद्धा, आणि परत टेकली. मांडी तेवढी हलली नाही. मांडीला कळू द्यायचं नव्हतं कुणाला.

मी टोपी काढली. नीळू कोपरावर रेलून माझ्याकडे बघत होता.

“तुला लघवीला लागली होती,” मी म्हणालो.

“तासभर.”

“आणि तीनदा उठायला निघाला होतास.”

“दोनदा त्याच्यासाठी. एकदा भातासाठी.”

“कसला भात?”

“शेगडीवर ठेवलेला. करपला ना सगळा. वास नाही आला तुला?”

नऊ वर्षं तो वास मी वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी नावावर घातला होता. त्या दिवशी आम्ही संध्याकाळी नुसता पाव आणि आमसुलाचं सार खाल्लं होतं आणि नीळू म्हणाला होता, तांदूळ संपलेत.

“मग उठायचंस ना, वेड्या!”

नीळूने अंगठ्याने गादीची शिवण चाचपली. “कसा उठणार? तू ते आत्ताच सांगितलं होतंस. मी तेव्हा कशालाही उठलो असतो, तरी तुला वाटलं असतं तू सांगितलंस म्हणून उठलो.”

वृंदाताईने आमच्याकडे पाठ केली आणि यंत्राचे धागे गुंडाळत बसली, बराच वेळ, एकच धागा.

मी अजून कामाला जातो. शून्य घेताना आता नळाखाली भरत जाणारी बादली आठवतो. नीळू म्हणतो ती कितीही झिजली तरी हरकत नाही. रेघ पूर्वीइतकी खाली जात नाही, पण कामापुरती जाते.

त्या शनिवारी आम्ही पुलावरून चालत घरी आलो. धुक्यात नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. घरी आल्यावर नीळू भिंतीला टेकून गादीवर बसला आणि पाय पसरून मांडीवर दोनदा थोपटलं. मी आधी स्वयंपाकघरात जाऊन शेगडी बंद आहे ना ते बघितलं. मग त्याच्यासमोर येऊन उभा राहिलो.

“आधी जाऊन ये,” मी म्हणालो. “मी इथेच आहे.”